गाईड व्हेन मिटल्या, मशीन थांबेना

मी उमेदवारी केली पोफळीच्या जलविद्युत केंद्रात. कोयनेचं पाणी शिवसागरात निवळून येतं, त्यामुळे पाण्याचं भय असं कधी वाटलंच नाही. सतलजवर आलो आणि पाणी लोखंड खातं हे कळलं. किन्नौरमधल्या आमच्या केंद्राला मोठा जलाशय नाही. नदी येईल तशी बोगद्यात घ्यायची. गाळटाक्या ०.२ मिलिमीटरच्या वरचे कण बऱ्यापैकी अडवतात, त्याहून बारीक ते थेट टर्बाइनवर. त्यात क्वार्ट्‌झ, पोलादालाही ओरखडणारा.

जुलैची रात्रपाळी. दोनच्या सुमारास नदीवरच्या बराजवरून, म्हणजे बंधाऱ्यावरून, हेल्परचा फोन, "साब, पानी काला हो गया." नमुना आला ४,६०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात एवढे भाग गाळ. आमची मर्यादा ५,०००, त्यावर मशीन बंद. कुणी किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या लोड डिस्पॅचला कळवलं तर उत्तर, "सकाळपर्यंत ओढा की." मी ओढलं. खरं तर नमुना गाळून, वाळवून, वजन करून आकडा हाती पडतो तोवर ते पाणी कधीच पुढे गेलेलं असतं. हेल्परचे डोळे माझ्या आकड्याच्या पुढे होते, पण लॉगबुकात "काला" लिहिता येत नाही ना!

चाळीस मिनिटांनी पुढचा नमुना: ७,९००. तोवर कूलिंग वॉटरचे स्ट्रेनर, म्हणजे गाळण्या, तुंबून बेअरिंगचं तापमान चढायला लागलेलं. मशीन बंद करायला घेतलं. गाईड व्हेन, म्हणजे टर्बाइनकडे पाणी सोडणारी मिटती-उघडती पाती, शून्यावर; वेग मिनिटाला तीनशे फेऱ्यांवरून उतरत साठपर्यंत आला आणि तिथेच अडला. ब्रेक लागतील एवढाही उतरेना. मिटलेल्या पात्यांच्या फटींतून येणारं पाणीच रनर, म्हणजे टर्बाइनचं चाक, फिरवत होतं. एवढ्या कमी वेगात थ्रस्ट बेअरिंगवर तेलाचा थर नीट धरत नाही, म्हणजे असं रेंगाळू देणंही धोक्याचं. शेवटी टर्बाइनच्या आधीचा, सगळं पाणीच तोडणारा मेन इनलेट व्हॉल्व्ह मिटवला. तो हलेपर्यंत कंट्रोल रूममध्ये कुणी बोललं नाही.

दुपारी पाणी काढून मॅनहोलमधून आत उतरलो. गाईड व्हेनच्या पात्यांवर माशाच्या खवल्यांसारख्या लाटा उमटलेल्या, कडा ब्लेडसारख्या. हे एका रात्रीचं काम नव्हे, अख्ख्या हंगामाचं. पण शेवटचा हात माझ्या चाळीस मिनिटांनी फिरवला होता. फोरमनने फट मोजायचा फीलर गेज पुढे केला. पातं आणि त्याच्या वरखालची प्लेट यांच्यामधली फट मुळात अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली. गेज मी लावलाच नाही. माझी करंगळी आत गेली.

वर आलो तर टेबलावरचा फोन वाजत होता. डिस्पॅचच. "मशीन कधी घेताय?"