मंगळवेढा ते सांगोला, जानेवारी २०२४ : भेगांत सायकल घालू नका

आधी निकाल सांगून टाकतो. डांबरी रस्त्यावरून बघून 'ज्वारी बरी आहे की यंदा' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मी ऐकलं. आणि नकाशात कच्ची वाट सहा किलोमीटर वाचवताना दिसली, तर त्या नकाशाचंही ऐकू नका.

दरवर्षी आम्ही पुण्यात मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी भरतो. यंदा व्यापाऱ्यानं भाव सांगितला आणि वर म्हणाला, "पाऊस कुठं झाला साहेब?" म्हटलं, जाऊन बघू. सायकल रेल्वेनं पंढरपूरपर्यंत नेली.

पहिला दिवस पंढरपूर ते मंगळवेढा. रस्ता उत्तम, हवा थंड, दामाजीपंतांच्या देवळात टेकलो. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं लोकांसाठी उघडणारा माणूस याच गावचा. बाकी त्या दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही. रस्त्याकडेची ज्वारी पुरुषभर उंच, हिरवीगार. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सांगोल्याकडे निघालो आणि गाडीवाटेला लागलो. सात किलोमीटरला साडेतीन तास लागले. काळ्या रानातल्या भेगा फोटोत नक्षीसारख्या दिसतात. प्रत्यक्षात पुढचं चाक त्यात अडकलं की माणूस हँडलवरून पुढं जातो. एका भेगेत हवेचा पंप उभा सोडला, तो मुठीपर्यंत आत गेला. भारी जमीन सुकताना आकसते, भेग पडते, आणि त्या भेगेतूनच खोलवरची ओलही उडून जाते. त्यात बाभळीचे काटे. चार पंक्चर, पॅच तीन. शेवटचे दोन किलोमीटर सायकल खांद्यावर.

पण त्या वाटेनंच डोळे उघडले. रस्त्यापासून आत, मुरमाड चढावर ज्वारी कमरेएवढी. खालची पानं वाळून गेलेली, वरची सुरळीसारखी वळलेली, आणि कणीस पोटरीतच, म्हणजे वरच्या पानाच्या फुगीर वेष्टणातच, अडकलेलं, अर्धं बाहेर, अर्धं आत. तिथून शंभर पावलांवर ओढ्याकाठच्या खोल रानात कणसं भरदार. पाऊस तोच, पेरणी बहुधा एकाच आठवड्यातली. फरक जमिनीच्या खोलीचा. रब्बी ज्वारी पेरल्यावर पडणाऱ्या पावसावर येतच नाही, आधी मुरलेल्या ओलीवर येते. आणि २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. हातभर मातीत ओल साठणार किती आणि पुरणार किती?

एका बांधावर एक शेतकरी आबा भेटले. मला बघून म्हणाले, "वाट चुकलाय जणू." मग स्वतःहून रान दाखवलं. कणसं चांगली दिसत होती, मी तसं म्हणालोही. त्यांनी ज्वारीचं एक ताट, म्हणजे धांडा, बुडाशी धरून हलवलं, तर आत खडखड वाजलं. मोडून दिलं. आतला गाभा सगळा विरून नुसते दोरे राहिलेले, त्यावर कोळशाच्या पुडीसारखं काळं. "खडखड्या," ते म्हणाले. दाणा भरायच्या वेळी ओल संपली की पीक ताटातला साठा उपसून कणसाला देतं, ताट कमजोर होतं आणि मातीतली बुरशी बुडातून आत शिरते. मग वारा आला की रान आडवं. दाणा चिमटीत घेतला, सुरकुतलेला. फुलोऱ्याआधी ताण बसला तर दाणेच कमी लागतात, नंतर बसला तर दाणे लागतात पण वजन धरत नाहीत. इथं दुसरं झालं होतं. रस्त्यावरून यातलं काय दिसणार?

शेजारच्या रानात एकच कोळपणी (पिकाच्या ओळींमधली माती वरवर खरवडणं) झालेली, आबांच्यात तीन. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' ही म्हण ऐकली होती, पण आबांच्या कोळपलेल्या पट्ट्यात भेगा खरंच बारीक होत्या. तरी खडखड्या आलाच. कोळपणीनं आहे ती ओल टिकते. नसलेली येत नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. पंक्चरची तयारी दुप्पट ठेवा. पाणी चार लिटर घ्या, मध्ये टपरी नाही. घोटा झाकणारे बूट हवेतच. सकाळी सातला निघा, जानेवारीतही अकरानंतर सावली शोधत फिराल. रानात शिरायच्या आधी हाक मारा, कणीस तोडू नका. वीतभर खालची माती मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर त्या रानाला अजून आशा आहे.

आणि हुरड्याच्या 'कृषी पर्यटना'त अजिबात जाऊ नका. माणशी सहाशे रुपये! 'अस्सल मालदांडीचा हुरडा' म्हणून जो दिला तो फ्रीजमधला, गार. वर तिकिटात रेन डान्स. दारात टँकर उभा होता तेव्हाच परत फिरायला हवं होतं. हुरडा खायचाच असेल तर ओळखीच्या रानात गूळभेंडी किंवा सुरती भाजून खा, ही वाणं त्यासाठीच लावतात. मालदांडी भाकरीची.

ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात दुष्काळ जाहीर झालेल्या पहिल्या ४० तालुक्यांत सांगोला होता, मंगळवेढा नव्हता. शीव नेमकी कुठं ओलांडली ते मला कळलं नाही. भेगा दोन्हीकडे सारख्याच होत्या.

निघताना आबांना विचारलं, दोन पोती ठेवाल का माझ्यासाठी, भाव तुम्ही सांगा. त्यांनी रानाकडं बघत मनातल्या मनात हिशेब केला. "कडबा न्या पायजे तर," म्हणाले. "दाणं घरापुरतंच व्हतील."