कारण: पर्सनल

खातं बंद करायचा फॉर्म एकाच पानाचा असतो. नाव, खाते नंबर, शिल्लक कुठे पाठवायची, चेकबुक आणि एटीएम कार्ड परत केलं का, आणि खाली एक ओळ, 'खाता बंद करने का कारण'. बाकी सगळं भरभर लिहिलं आणि त्या ओळीपाशी पेन थांबलं.

खरं कारण 17 रुपये 70 पैसे. दर तीन महिन्यांनी पासबुकात हा आकडा दिसायचा, एसएमएसचे 15 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि गंमत म्हणजे ते एसएमएस जात होते माझ्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर, जो बदलायचा अर्ज मी दोनदा दिलेला. वर्षाचे 70 रुपये 80 पैसे. एवढे तर आमच्या इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस खाताना कुठे गेले कळतही नाहीत. पण तिथे निदान पोटात काहीतरी जातं! आता हे एका ओळीत कसं लिहायचं, आणि लिहिलं तरी काउंटरवरचा मुलगा वाचून हसेल ते वेगळंच.

नवीन खातं उघडायला मात्र दहा मिनिटं लागली. भाचा घरी आला होता, त्यानेच मोबाईलवर व्हिडिओ केवायसी लावून दिली, एक मुलगी स्क्रीनवर आली, पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा म्हणाली, कोऱ्या कागदावर सही करून दाखवा म्हणाली, झालं. मी भाच्याला विचारलं, अरे पण मला ओळखतं कोण तिथे? मावशी, ओळखायचं काय त्यात, आधार आहे ना, तो म्हणाला.

मला आठवलं ते 1998. पहिली नोकरी, पहिला पगार, आणि बाबा मला राजवाड्याकडच्या शाखेत घेऊन गेले. तेव्हा खातं उघडायला इंट्रोड्यूसर लागायचा, म्हणजे त्याच बँकेत आधीपासून खातं असलेला कुणीतरी. आमच्या रामबागेतले शेजारचे काका खास सुट्टी टाकून आले, फॉर्मवर आपला खाते नंबर लिहून खणखणीत सही केली आणि मॅनेजरला म्हणाले, हमारी ही बिटिया है. नंतर पोहे-जिलबी त्यांनीच खिलवली. आत जायला एवढी ओळख लागली होती आणि बाहेर पडायला आता कुणीच लागत नव्हतं, काका तर जाऊनही बारा वर्षं झाली.

बाबांचा एकच नियम होता, दहा तारखेच्या आत पैसे भर. कारण तेव्हा दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावरच व्याज मिळायचं, अकराला भरले की तो महिना गेलाच म्हणायचा. रोजच्या शिल्लकेवर व्याज 1 एप्रिल 2010 पासून सुरू झालं, पण बाबा पुढेही नऊ तारखेला फोन करायचेच. व्याजाचं कौतुक आमच्या गावाला जुनंच आहे म्हणा. इथले राजे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रजांना एक कोटी कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांसाठी. आज मोठमोठ्या बँका सेव्हिंगवर अडीच टक्के देतात, तेव्हा होळकर बरे की आपण!

आईच्या कपाटात आजोबांचं पासबुक अजून आहे, बँक ऑफ इंदूरचं. 1920 ला होळकर दरबारच्या आश्रयाने निघालेली बँक, 1960 ला ती स्टेट बँक ऑफ इंदूर झाली आणि 2010 ला स्टेट बँकेत विलीन. आई अजूनही कुठल्याही बँकेला 'आपली इंदूर बँक' म्हणते, मी सुधारायचं सोडून दिलंय.

तर मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, खात्याचं तसं नाही. नंबर बदलला की त्याला बांधलेली एकेक दोरी सोडायची. विम्याचा हप्ता, गॅसची सबसिडी, ऑफिसचा पगार, म्युच्युअल फंडाची एसआयपी, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर 'आता या नंबरवर पाठवा' असा मेसेज, त्यावर तिघांनी अंगठा दाखवला आणि चौथ्याने भिशीचे पैसे परत जुन्याच खात्यात टाकले. म्हणून मी दोन महिने दोन्ही खाती चालू ठेवली, घर बदलताना आपण जुन्या घराची किल्ली ठेवतो ना, तसं.

शेवटी तो दिवस आला. उरलेले चेक काउंटरवरच्या मुलाने माझ्यासमोर कापले, कार्डाच्या चिपवर कात्री चालवली. मग म्हणाला, मॅडम, साइन मैच नहीं हो रही. स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथे माझी 1998 ची सही. पूर्ण नाव, माहेरचं आडनाव, देवनागरीत, शिरोरेषा स्केलपट्टीने ओढल्यासारखी सरळ आणि शेवटच्या अक्षराला खाली एक झोकदार वळसा. आता मी जे करते ते म्हणजे एक गिरगटा आणि पुढे टिंब. लग्नानंतर नाव बदललं, तेव्हा नवीन सहीचं कार्ड भरून दिलं होतं, पण ते चढवायचं राहिलं असणार.

कागदाच्या मागे सराव करा, तो म्हणाला. मी केला. पहिल्यांदा शिरोरेषा हलली. दुसऱ्यांदा आडनावात गडबड, हात सवयीने सासरच्या आडनावाकडे वळला. मागच्या रांगेतले आजोबा वाकून बघत होते, म्हणाले, पोरी, घाई करू नको. तिसऱ्यांदा जमली. वळशासकट.

मुलाने स्क्रीन बघितली, सही बघितली, मान डोलावली. मग फॉर्म ओढून घेतला, कारणाची ओळ कोरी होती. मैडम, रीज़न? मी बोलायला तोंड उघडलं, 17 रुपयांपासून सुरुवात करावी की काकांपासून, तोवर त्याने स्वतःच लिहून टाकलं, पर्सनल, आणि शिक्का मारला.