मार्थेची वारी

आई हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, दर्शनाला जाण्याला कधी यात्रा म्हणाली नाही, वारीच म्हणायची. नेवासे तालुक्यातच जन्मली, तिथंच दिली, दारावरून जाणाऱ्या दिंड्यांना पाणी देत वाढली. सप्टेंबर उजाडला की तिचं सुरू व्हायचं, "पोरींनो, आपली वारी आली बरं का." मग तिच्या एका हाताला मी आणि दुसऱ्या हाताला धाकटी. पाय दुखायला लागले की धाकटी कडेवर जायची आणि मी पदराला धरून चालायची. मी मोठी होते ना.

2024 च्या सप्टेंबरात मी पुन्हा चालत निघाले तेव्हा आई नव्हती, आणि धाकटीशी शेवटचं बोलून चार वर्षं आठ महिने झाले होते. ती पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे.

शुक्रवारी पहाटे चर्चमध्ये मिस्सेची उपासना झाली. फादरांनी बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला उतारा घेतला होता: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास, आणि तिथं तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. हे वचन मी लहानपणापासून ऐकलेलं. त्या पहाटे पहिल्यांदा मला त्यातली खोच दिसली. तुझ्या मनात भावाविरुद्ध काय आहे असं प्रभू विचारतच नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काय आहे ते आठव म्हणतो. माझ्या मनातला धाकटीविरुद्धचा हिशेब मला तोंडपाठ होता. तिच्या मनातला हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. पिशवीत मतमाउलीसाठी घेतलेला मेणबत्त्यांचा पुडा होता, तो उगाच जड वाटायला लागला.

आम्ही सत्तर-ऐंशी जण. पुढे छोट्या टेम्पोत निळ्या-पांढऱ्या कापडात सजवलेली मरियामाता, वर भोंगा, मागे ढोलकी, टाळ आणि जपमाळा. प्रवरा ओलांडली. पाऊस उघडला होता. दोन्ही अंगांना कपाशी, सोयाबीन, मध्येच उसाचा हिरवा पट्टा. गणपतीचे दिवस होते. एका गावात मंडळाच्या पोरांनी आम्हाला थांबवून चहा दिला, "घ्या माउली" म्हणत. आमच्या मातेलाही माउली आणि चालणाऱ्यालाही माउली, हे आमच्या भागात कुणाला वेगळं वाटत नाही.

शुक्रवार म्हणून जपमाळेत दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या छळाचे प्रसंग, होती. गेथशेमाने, फटके, काट्यांचा मुकुट. ओठ "नमो मरिये" म्हणत होते आणि मन आईच्या खाटेपाशी जाऊन बसलं होतं.

आईला 2014 साली पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही जवळजवळ गेली. साडेपाच वर्षं मी केलं तिचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, तरी पाठीला जखमा व्हायच्याच. लघवीची नळी, पेज, औषधं, रात्रीचं कण्हणं. सासरचं घर त्याच गावात, म्हणून दोन घरं सांभाळली. धाकटी महिन्याला पैसे पाठवायची. हवेची गादी तिनंच पाठवली. नाताळला दोन दिवस यायची. ती उंबऱ्यात दिसली की आईच्या वाकड्या तोंडातून एक वाक्य नीट बाहेर पडायचं, "माझी लेक आली." मी वर्षभर तिच्या उशाशी, आणि मला ती म्हणायची फक्त "पाणी."

हे लिहिताना आजही हात थांबतो. आजारी माणसाच्या तोंडून कोणता शब्द निघावा हे त्याच्या हातात नसतं, हे मला कळत होतं. तरी ते शब्द मी साडेपाच वर्षं मोजले. धाकटीचे पैसे आले की मला बायबलमधला याकोब आठवायचा. ज्याला फसवलं होतं त्या भावाला, एसावाला, तोंड दाखवायच्या आधी त्यानं शेळ्या, मेंढ्या, उंट, गायी, गाढवं अशी साडेपाचशेच्या वर जनावरं कळपाकळपानं पुढे धाडली, "भेटीनं त्याला शांत करीन" म्हणून. मी म्हणायची, ही तशीच, पैसे पुढे आणि आपण मागे. मी फसवला गेलेला एसाव झाले होते. पण एसावाचं पुढचं मी सोयीनं विसरले होते. तो धावत गेला, भावाच्या गळ्यात पडला, आणि म्हणाला, "माझ्याजवळ पुष्कळ आहे."

जानेवारी 2020 मध्ये आईला ताप भरला, छाती भरून आली. तिसऱ्या दिवशी गाडीत घातलं आणि वाटेतच ती गेली. धाकटी संध्याकाळी पोचली. पेटी अजून उघडी होती, अंगणात गाव जमलेलं. ती आत आली तशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तू नर्स. तू इथं असतीस तर आई गेली नसती."

ती काही बोलली नाही. माती दिली आणि कबरस्तानातूनच परत फिरली. तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेलाही थांबली नाही.

आमच्याबरोबर एक म्हातारे मास्तर होते. उभं आयुष्य खेड्यापाड्यांत धर्मशिक्षण दिलेलं. मुक्काम टाकळीभानला होता. भाकरी-पिठलं खाऊन सगळे आडवे झाले तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि मनात होतं ते बोलले. मास्तर, मला मार्थेची गोष्ट आवडत नाही. घरात पाहुणे आलेत, ती राब राब राबतेय, बहीण प्रभूच्या पायाशी बसलीय. ती म्हणाली, "प्रभूजी, माझ्या बहिणीनं मला एकटीला कामात टाकलं याची आपल्याला पर्वा नाही काय?" तर बोल तिलाच बसला. प्रत्येक प्रवचनात मरीया शहाणी आणि मार्था बिचारी. चूल कुणी पेटवायची मग?

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "तू लूकाच्या दहाव्या अध्यायात मुक्कामाला राहिलीस. पुढे चाल. योहानाचा अकरावा काढ." आणि सांगितलं की 29 जुलैला पूर्वी एकट्या मार्थेचं स्मरण असायचं. 2021 साली पोप फ्रान्सिस यांनी ते मार्था, मरीया आणि लाजर या तिघा भावंडांचं केलं.

मोबाईलच्या उजेडात वाचायला लागले. ओळखीचाच अध्याय, लाजराचा. मातीच्या मिस्सेत हमखास असणारा. पण त्या रात्री मी बहिणी शोधत होते, म्हणून वेगळंच दिसायला लागलं. पाचव्या वचनात लिहिलंय की येशूची मार्थेवर, तिच्या बहिणीवर आणि लाजरावर प्रीती होती. पहिलं नाव मार्थेचं. मरीयेचं तर नावही नाही, नुसती "तिची बहीण". लाजर जाऊन चार दिवस झालेत. प्रभू गावाच्या वेशीपाशी आल्याचं कळताच मार्था पुढे जाऊन भेटते आणि म्हणते, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता."

मी तिथंच अडकले. माझंच वाक्य होतं ते. मी ते धाकटीला मारलं होतं. मार्थेनं ते प्रभूपुढे ठेवलं.

मग बत्तिसावं वचन आलं. आता मरीया येते, पाया पडते, आणि काय म्हणते? तेच. "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." दोन बहिणी, दोन वेळा, वाक्य एकच. हे कसं झालं असेल? मला तर दिसलंच ते घर. चार दिवस माणसांची ये-जा, आणि रात्री सगळे गेले की दोघी भिंतीला टेकून एकमेकींना हेच म्हणत असणार, ते इथं असते तर, ते इथं असते तर. कामावरून भांडलेल्या त्या दोघी या एका वाक्यात एकत्र राहत होत्या. आम्हा दोघींचंही वाक्य एकच असेल, आणि फक्त ते म्हणायला आम्हाला एक भिंत मिळाली नसेल, असं पहिल्यांदा मनात आलं.

आणि या दोन वचनांच्या मधे एक लहानशी गोष्ट आहे, जिच्यावर मी कधी प्रवचन ऐकलं नाही. प्रभूशी बोलून झाल्यावर मार्था घरी जाते आणि बहिणीला गुपचूप सांगते, "गुरुजी आले आहेत आणि ते तुला बोलावत आहेत." प्रभूनं मरीयेला बोलाव म्हटल्याचं त्याआधी कुठं लिहिलेलं नाही. म्हटलंही असेल. पण हाक मारायला गेली ती मार्था. लूकात जिला बहीण प्रभूच्या पायाशी बसलेली खपत नव्हती, तीच योहानात बहिणीला त्या पायांशी घेऊन येते. पुढच्या अध्यायात त्यांच्याच गावी, बेथानीत, पुन्हा जेवण आहे, मार्था पुन्हा वाढतेय, मरीया जटामांसीचं मोलाचं तेल प्रभूच्या पायांना लावतेय. कुरकुर करतो तो यहूदा. मार्था अवाक्षर बोलत नाही.

आमच्या नेवाशाच्या बायकांना मुक्ताई माहीत आहे. ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले तेव्हा बाहेरून हाक मारणारी धाकटी बहीण ती. आमच्यात ताटी लावून बसले होते मी, मोठी.

रात्री पावणेदहाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पहाटे साडेचारला तो उशाशी थरथरला.

"ताई? काय झालं? कोण गेलं?"

इतक्या वर्षांनी माझा फोन म्हणजे कुणीतरी गेलंच असणार असं वाटलं तिला. मी म्हटलं, कुणी गेलं नाही. हरेगावला चाललेय, चालत. तू ये. मनात ठरवलं होतं की मतमाउलीनं बोलावलंय असं म्हणेन, पण तोंडातून निघालं, "मी बोलावतेय."

पलीकडे वॉर्डातल्या मशिनचा टिकटिक आवाज येत होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मी तिथं असते तर आई गेली नसती. मी रोज म्हणते हे, ताई. तू म्हणायच्या आधी, गाडीत बसले तेव्हापासून म्हणतेय."

शनिवारी जपमाळेत आनंदाची रहस्ये होती. दुसरं रहस्य भेटीचं, येशूची आई मरीया लगबगीनं डोंगराळ मुलुखात नात्यातल्या अलीशिबेच्या घरी जाते ते. तीही बाईमाणसाच्या भेटीला काढलेली वारीच. टाचांना आणि अंगठ्याखाली मोठे फोड आले होते, पण थांबावंसं वाटत नव्हतं. हरेगावच्या अलीकडे बेलापूर कंपनीच्या जुन्या जमिनी लागतात. इंग्रजांच्या काळात भोवतालच्या गावांच्या शेतकऱ्यांकडून घेऊन उसासाठी कंपनीला दिलेल्या. त्या शेतकऱ्यांचे नातू-पणतू वर्षानुवर्षं त्या परत मागत आलेत. आई तिथून जाताना दरवेळी म्हणायची, "गेलेलं मागत राहावं, पोरींनो."

संध्याकाळी पोचलो. माणसांचा पूर, खेळण्यांची दुकानं, पाळणे, भोंग्यावर हरवलेल्या पोरांची नावं. मी मेणबत्त्यांच्या रांगेत उभी राहिले नाही. चर्चच्या आवाराबाहेर, जिथं आई आम्हाला दशम्या सोडून द्यायची, तिथं बसून राहिले. धाकटी रात्री साडेआठला आली. रात्रपाळी करून, दोन तास झोपून, एसटीनं. केस पांढरे झालेत तिचे. मला माहीतच नव्हतं.

रडणं झालं, ते सांगत नाही. पण रडून झाल्यावर मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. पापनिवेदनात फादरांनाही न सांगितलेलं. आईला ताप भरला तेव्हा मी दोन दिवस थांबले. छाती घरघरत होती, मला दिसत होतं. पण मी इतकी दमले होते की मनात म्हटलं, आज नको, उद्या बघू. आणि ती गेल्यावर ते दोन दिवस मी तुझ्या अंगावर टाकले.

ती नर्स आहे, तिनं माझी समजूत काढली नाही. म्हणाली, "दोन दिवस आधी नेलं असतंस तर कदाचित वाचली असती. कदाचित नाही. मलाही माहीत नाही, ताई." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मला पैसे पाठवायला सोपं जात होतं. खाटेजवळ बसायला भीती वाटायची. दवाखान्यात परक्यांचं सगळं करते मी. आईचं करवलं नसतं."

तिचा पैशांचा हिशेब मी कधीच याकोबाच्या कळपांत जमा करून टाकला होता. त्यामागे भीती असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. आईच्या "माझी लेक आली" या शब्दांबद्दल मी तिला अजून सांगितलेलं नाही. याकोब आणि एसावही भेटले, रडले, आणि पुन्हा आपापल्या वाटांनी गेले. एकानं सेईर धरलं, दुसऱ्यानं सुक्कोथ. इसहाकाला माती द्यायला मात्र दोघे बरोबर होते. आमची माती तर देऊन झालेली.

तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. "चपलेतच चाललीस? आईसारखीच." पर्समधून तिनं कापूस, स्पिरिट, गॉजची पट्टी काढली. नर्सच्या पर्समध्ये असतंच म्हणाली. खाली मातीत मांडी घालून बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि फोड पुसायला लागली. आत पालखीची घंटा झाली, लोक उठून पळायला लागले. मीही उठायला गेले. मेणबत्त्यांचा पुडा अजून पिशवीतच होता.

"थांब," ती म्हणाली. "दुसरा पाय दे."