सह्यांचा गठ्ठा आणि चार करार

या वर्षी वसंतात बर्लिनमधल्या आमच्या वस्तीने, एका परदेशी कलावतीचा राहण्याचा परवाना वाढवून मिळावा म्हणून, सह्यांची मोहीम काढली. बेकरीच्या गल्ल्याजवळ, बालवाडीच्या दारात, चर्चच्या सूचनाफलकाखाली कागद ठेवले होते आणि सह्याही भरपूर जमल्या. तो गठ्ठा घेऊन आम्ही काही जण तिच्या वकीलबाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी तो चाळला, छान आहे म्हणाल्या आणि फाइलच्या अगदी तळाशी ठेवून दिला. मग त्यांनी विचारले, "यांच्यापैकी तिला काम कोण देणार आहे? महिन्याला किती तास, किती महिने आणि तासाला किती युरो?" निवेदन, सह्या आणि नगरसेवकाची चिठ्ठी यांवर वाढलेल्या माझ्यासारख्या सांगलीकराला हा प्रश्न चांगलाच झोंबला, म्हणून हे लिहीत आहे.

ही कलावती ब्यूनस आयर्सची असून ती बांदोनिऑन वाजवते. टँगो ऐकताना जो दाटून आलेला, हुंदक्यासारखा स्वर येतो, तो या वाद्याचा. मांडीवर ठेवण्याजोगी चौकोनी पेटी, मध्ये लांब भाता आणि दोन्ही बाजूंना मिळून एकाहत्तर बटणे. त्यातही भाता उघडताना बटणाचा स्वर एक आणि मिटताना दुसराच. वाद्य मूळचे जर्मनीचेच. क्रेफेल्डच्या हाइनरिश बांड यांचे नाव त्याला मिळाले, एकोणिसाव्या शतकात ते समुद्रापार अर्जेंटिनाला गेले आणि तिथे टँगोचा प्राण झाले. दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मनीतच सॅक्सनीमधल्या कार्ल्सफेल्ड गावात, आल्फ्रेड आर्नोल्ड यांच्या कारखान्यात बनलेली बांदोनिऑन आजही वादक जिवापाड जपतात. त्या वाद्यांच्या मागावर ही बाई इकडे आली आणि इथेच राहिली.

ती मैफली करते, चर्चच्या गायनवृंदाला साथ करते, वृद्धाश्रमात वाजवते आणि वस्तीतल्या मुलांना शिकवते. त्या मुलांत माझी मुलगीही आहे. पण दूरदूरचे लोक तिला ओळखतात ते दुरुस्तीसाठी. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुने वाद्य उघडून पडलेले असते. जस्ताच्या लांब पट्टीवर ओळीने बसवलेल्या पोलादी जिभा असतात. त्यांतली एक उचलून खाली पातळ पत्रा सरकवायचा आणि बारीक कानशीने टोकाशी घासले तर स्वर चढतो, मुळाशी घासले तर उतरतो. ती दोनदा घासते, फुंकर मारते, ऐकते, मान हलवते आणि पुन्हा घासते. एका वाद्यात अशा शेकडो जिभा असल्याने एकेक काम आठवडेच्या आठवडे चालते.

तिच्याकडे स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या कलावंताचा राहण्याचा परवाना आहे आणि त्याचे नूतनीकरण व्हायचे होते. बर्लिनमध्ये असा परवाना अनेक परदेशी कलावंतांना मिळतो, ही गोष्ट मी मोठ्या कौतुकाने लिहितो. मात्र त्यासाठी येत्या काळातील उत्पन्नाचा आराखडा, करसल्लागाराने तपासलेला जमाखर्च, घरभाड्याचा करार, आरोग्यविमा आणि मुख्य म्हणजे कामाचे लेखी करार द्यावे लागतात. भाडे आणि विमा भरून झाल्यावर हाती निदान सरकारी मदतीवर जगणाऱ्या एकट्या माणसाला मिळणाऱ्या रकमेइतके उरले पाहिजे, असा ढोबळ हिशोब असतो, आणि ती रक्कम २०२४ पासून महिन्याला ५६३ युरो आहे. वाजवणारा किती मोठा, हा प्रश्न इथे येत नाही. तो स्वतःच्या पायावर उभा आहे का, एवढेच पाहिले जाते.

हे वाचून कोणी जर्मनांना रुक्ष म्हणण्याआधी मला दुसरी बाजू सांगायची आहे, आणि ती थोडी लांबणार आहे. १९८३ पासून या देशात कलावंतांसाठी क्युन्स्टलरझोत्सिआलकासे नावाची सामाजिक विम्याची व्यवस्था आहे. नोकरदाराच्या विम्याचा आणि निवृत्तिवेतनाचा निम्मा हप्ता मालक भरतो. पण कलावंताला मालक नसतो, मग ते निम्मे कोणी भरायचे? उत्तर असे की हप्त्याच्या शंभरातले पन्नास कलावंत भरतो, तीस कला वापरणारे म्हणजे प्रकाशक, नाट्यगृहे, जाहिरात कंपन्या वगैरे भरतात आणि वीस केंद्र सरकार घालते. वर्षाला साधारण ३,९०० युरोंहून अधिक उत्पन्न कलेतून मिळाले की तुम्ही त्यात येता, आणि त्यात परदेशी माणसाला पासपोर्टचा रंग आडवा येत नाही. आमच्या वादिकेचा दात दुखला तर ती दातांच्या डॉक्टरकडे जाते, वर्गणी काढावी लागत नाही. आपल्याकडे नामवंत कलाकारांच्या उपचारांसाठी मदतीची आवाहने वाचत मी मोठा झालो, त्यामुळे या एका व्यवस्थेसाठी मी या देशाचे इतर पुष्कळ काही सोसायला तयार आहे.

इतर पुष्कळ काही म्हणजे पुढचे. वकीलबाईंनी जमाखर्च उघडला तेव्हा असे दिसले की तिच्या मिळकतीचा भरभक्कम भाग दुरुस्तीचा आहे, आणि नेमका तोच मोजता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने वाद्य वाजवणे आणि शिकवणे हा मुक्त व्यवसाय, तर वाद्य दुरुस्त करणे ही कारागिरी, म्हणजे धंदा. त्याची नोंदणी वेगळी, त्याचा कर वेगळा आणि तिच्या परवान्यावर त्याची मुभाच नाही. सकाळी अकरा वाजता त्या टेबलाशी बसून जीभ घासताना ती कारागीर असते, आणि सव्वाअकराला तीच जीभ बरोबर बोलते का हे पाहायला वाद्य मांडीवर घेऊन वाजवते तेव्हा ती कलावंत होते! मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्याला, म्हणजे घोडी घासून त्याचा झणकार जुळवणाऱ्याला, कोणी असे विचारले असते, तर त्याने विचारणाऱ्याला आधी चहा पाजला असता आणि मग घरी पाठवले असते. जवारी काढणारा कान आणि गाणारा कान हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, हे त्याच्या गळी उतरवणे सोपे नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते हातांना मिळाले की कानांना, हे मला या कार्यालयीन भाषेत कोणी सांगावे. अर्थात त्या गल्लीतल्या कारागिराच्या म्हातारपणाचे काय, हेही कोणी विचारत नाही. पण तो विषय आज नको.

दुसरी अडचण चांगल्या हेतूने आलेली. हेरेनबेर्ग नावाच्या गावातील संगीतशाळेच्या एका पियानो शिक्षिकेविषयी जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने २०२२ च्या जूनमध्ये असा निकाल दिला की ती नावापुरतीच स्वतंत्र असून प्रत्यक्षात शाळेची कर्मचारी आहे. शिक्षकांना त्यामुळे संरक्षण मिळते, म्हणून निकाल योग्यच म्हणावा लागेल. पण तेव्हापासून अनेक संगीतशाळा तासिकेवरच्या शिक्षकांशी करार करायला कचरतात आणि नोकरी देऊ पाहतात. आमच्या वादिकेच्या परवान्यावर नोकरीला परवानगी नाही. जी शाळा तिला वर्षानुवर्षे तास देत होती, तिने या धास्तीने करार वाढवला नाही, आणि आराखड्याला मोठे भोक पडले. त्यातच बर्लिन राज्याने २०२५ च्या अंदाजपत्रकात संस्कृतीच्या खर्चाला सुमारे १३ कोटी युरोंची कात्री लावली, त्यामुळे लहानसहान प्रकल्पांकडून आशा धरण्यातही अर्थ नव्हता.

तिच्या वाद्यवृंदातल्या इतरांना यातले काहीच करावे लागत नाही, कारण कोणाचे पणजोबा इटलीहून अर्जेंटिनाला गेलेले असल्याने त्यांनी इटालियन पासपोर्ट काढून ठेवला आहे. तो रस्ताही इटलीने २०२५ मध्ये आजी-आजोबांपर्यंत आखडता घेतला. हिचे पणजोबा मात्र बोलिव्हियाच्या सीमेवरचे.

आणि मी? मी ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, आलेला संगणक अभियंता. जर्मन भाषेची ठरावीक परीक्षा दिली की आमच्यासारख्यांना एकवीस महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो, तर तिच्यासारख्या कलावंताला पाच वर्षे थांबावे लागते. मी लिहिलेली प्रणाली आणखी थोड्या वर्षांनी कोणी वापरत नसेल आणि तिने लावलेली वाद्ये वाजत असतील, हे मला कळते. तरीही मी भरपूर कर भरतो, कोणाची जागा अडवलेली नाही आणि व्याकरण पाठ करून ती परीक्षा दिली आहे, हेही नोंदवून ठेवतो.

खरे तर आमची रिक्सडोर्फची वस्ती हीच मुळी परक्यांनी वसवलेली आहे. १७३७ मध्ये प्रशियाचा राजा पहिला फ्रीडरिश विल्हेल्म याने धर्मछळाला कंटाळून निघालेल्या बोहेमियाच्या प्रोटेस्टंट कुटुंबांना इथे जागा दिली. १९१२ मध्ये त्यांच्या वंशजांनी कृतज्ञतेपोटी उभारलेला राजाचा पुतळा इथल्या किर्शगासेत आजही आहे. त्यांनी उत्पन्नाचा आराखडा दिला होता का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "नाही, पण त्यांच्यात विणकर पुष्कळ होते, आणि राजाला विणकर हवेच होते." आपल्याकडेही कैराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि मिरजेचेच झाले, तेव्हा त्यांच्याकडे कोणी कागद मागितला नव्हता. दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या स्मरणार्थ रात्ररात्र गाणे होते.

एका जर्मन सहकाऱ्याने मला जरा खोचकपणे विचारले की भारतात परदेशी कलावंताला असे राहू देतात का. मी त्याला वॉल्टर कॉफमन यांची गोष्ट सांगितली. हिटलरच्या सावटातून १९३४ मध्ये मुंबईत आलेल्या या ज्यू संगीतकाराने तिथे पाश्चात्त्य संगीताची मंडळी जमवली, पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात काम केले, आणि आपण सगळे पहाटे ज्या सुरावटीने जागे झालो ती आकाशवाणीची सुरावट त्यांची मानली जाते. सहकारी गप्प झाला. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते आणि १९४६ मध्ये कॉफमन मुंबई सोडून गेले, हे मी त्याला सांगितले नाही; चर्चेत त्याची गरजही नव्हती.

शेवटी कामाला आले ते करारच. वृद्धाश्रमाने आठवड्याची एक दुपार ठरवून दिली. गायनवृंदाने आजवर फुलांच्या गुच्छावर भागणारी साथ ठरावीक मानधनाची केली. आम्ही आठ पालकांनी मिळून मुलांच्या शिकवणीचा वर्षाचा करार केला आणि सुट्टीतल्या महिन्यांचेही पैसे द्यायचे ठरवले, कारण आराखड्यात ऑगस्ट रिकामा दिसला असता. चौथा करार आमच्या मराठी मंडळींचा, आणि त्यावर सर्वाधिक वाद झाला. गणेशोत्सवात आणि दिवाळीत तिने वाजवावे, एवढे सर्वांना मान्य होते. पण आपली रीत म्हणजे शाल, श्रीफळ आणि हळूच हातात दिलेले पाकीट. पाकिटातली रक्कम कागदावर लिहायची म्हटल्यावर काही ज्येष्ठांना तो कलावंताचा अपमान वाटला. एक काका म्हणाले, "अरे, कलाकाराशी भाव करतात का?" त्यांना समजावले की भाव करायचा नाही, फक्त लिहायचा आहे, आणि पाकिटाचा या बाईला काडीचा उपयोग नाही. दुरुस्तीसाठी वकीलबाईंनी वेगळा अर्ज केला असून त्याचा निर्णय अजून लागायचा आहे. तोवर पॅरिस आणि हेलसिंकीहून आलेली वाद्ये तिच्या कपाटावर रांगेत बसून आहेत.

वाजवण्या-शिकवण्याच्या परवान्याला मात्र तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली. अधिकारी स्वभावाने सौम्य होता, त्याने चारही करारांवरच्या रकमांची कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि आमच्या मंडळींचा कागद पाहून गणपती म्हणजे हत्तीचे डोके असलेला देव ना, एवढेच विचारले. सह्यांचा गठ्ठा त्याने उघडला नाही. मंडळींचे खजिनदार आता वेगळ्याच विवंचनेत आहेत. कलावंतांना दिलेले मानधन वर्षात ठरावीक रकमेच्या पुढे गेले आणि कार्यक्रमही वाढले, तर ज्या विमा व्यवस्थेचे मी वर इतके कौतुक केले तिची पाच टक्क्यांच्या आसपासची आकारणी आम्हालाही लागू होऊ शकते, असे त्यांच्या वाचनात आले आहे. पुढच्या सभेत तो विषय घ्यावा, मोदकांच्या खर्चाच्या आधी घ्यावा आणि कौतुक करणाऱ्यांनी त्या वेळी हजर राहावे, असा निरोप त्यांनी मला पाठवला आहे.