डुलकी

चालता चालता माणूस झोपतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. शुक्रवारची रात्र, दोन-अडीचचा सुमार. वैजापूर तालुक्यातून हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे तिथल्या मरियामातेच्या दर्शनाला, निघालेली आमची पायी दिंडी रस्त्याच्या कडेनं चालली होती. जपमाळेत दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या दुःखाचे प्रसंग, सुरू होती. पहिलंच, गेथशेमाने बागेतलं. प्रभू एकटा प्रार्थना करतोय आणि थोड्या अंतरावर त्याचे शिष्य पेत्र, याकोब, योहान झोपलेत. ‘नमो मरिया’ म्हणत माझं तोंड चालत राहिलं आणि डोळे मिटले. जाग आली ती दंडावर बसलेल्या काठीनं. भोंगा वाजवत एक मालट्रक हातभर अंतरावरून गेला.

“मेला असतास ना बापू!” मागून मावशी म्हणाल्या.

मावशी आमच्याच गल्लीतल्या, सत्तरी ओलांडलेल्या. पायात प्लास्टिकच्या चपला, पिशवीत बाजरीच्या भाकरी आणि ठेचा. त्यांना वाचता येत नाही, पण जपमाळेत कुणी मणी चुकला तर त्यांनाच आधी कळतं.

बाहेरच्या माणसाला आमची दिंडी पाहून नवल वाटतं. पताका आहेत, टाळ आहेत, वाटेत चहा देणारी गावं आहेत, फक्त पुढच्या तसबिरीत मरियामाता आहे. मला यात नवल वाटत नाही. आमच्याकडे घोगरगावला फ्रेंच फादर आले ते १९व्या शतकाच्या अखेरीस. चालत देवाला जायची सवय त्याच्या किती आधीपासून या मातीत आहे. पैठणहून नाथांची पालखी आषाढात पंढरपूरला जाते, आम्ही सप्टेंबरात निघतो, ८ तारखेच्या मरियेच्या जन्मदिनाच्या सुमाराला.

यंदा मात्र मी नवस फेडायला निघालो नव्हतो. खरं सांगायचं तर घरातून पळालो होतो. एका वर्षी कपाशी बोंडअळीनं खाल्ली, दुसऱ्या वर्षी ऐन वेचणीत पाऊस कोसळला, आणि मग कर्जाचं पत्र आलं. ते मी फोडलंच नाही. येशूच्या तसबिरीमागे खोवून ठेवलं. बायकोनं विचारलं की म्हणायचो, “देवावर भरवसा आहे ना आपला?” चर्चमध्येही हेच बोलायचो, लोक मान डोलवायचे. मलाही बरं वाटायचं.

पहाटे एका टपरीवर चहाला थांबलो. पायाला फोड आले होते. मावशींना पत्राचं सांगितलं आणि शेवटी सवयीनं म्हणालो, “देव पाहून घेईल.”

“पाहतोच की तो. मघाशी ट्रक त्यानंच दाखवला. पर काठी मलाच मारावी लागली का नाई?”

मग स्वतःच्या आईचं सांगू लागल्या. ७२चा दुष्काळ, मावशी तेव्हा अठराच्या. “माय झोपताना जपमाळ म्हणायची आन् उजाडायच्या आत खडी फोडायला जायची. लेकरांना सुकडी मिळायची, घरात लाल मिलो जवारी. देवानंच दिलं म्हणायची. पर हजेरीच्या वेळी तिथं नसती तर कुणाला दिलं असतं?”

मी गप्प बसलो. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं एक वचन मला लहानपणापासून पाठ आहे, ५व्या अध्यायातलं ७वं: आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका. ते मी वर्षभर औषधासारखं घेत होतो. ८वं वचन लगेच पुढं आहे: सावध असा, जागे राहा. तिथपर्यंत मी कधी गेलोच नव्हतो. आणि ही दोन्ही वचनं एकाखाली एक कुणी लिहिली, तर त्या रात्री बागेत झोपलेल्या पेत्रानंच! त्याला ठाऊक असणार. प्रभूनं त्याला उठवून विचारलं होतं, घटकाभरसुद्धा जागं राहवलं नाही का? तेव्हा त्याच्याकडं उत्तर नव्हतं. पत्र लिहिताना सापडलं असावं, असं आपलं मला वाटतं.

उजाडताना गोदावरीच्या पुलावर आलो. पलीकडं नगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे मराठवाडा इथं संपला. पाणी गढूळ, दोन्ही थड्या भरून चाललेलं. मंडळी गाणं म्हणत पुढं गेली. मी कठड्याला टेकून घरी फोन लावला.

“तसबिरीमागचं पत्र काढ,” म्हणालो, “फोड आणि वाचून दाखव.”

पलीकडं थोडा वेळ नुसता भांड्यांचा आवाज.

“मागल्या महिन्यातच फोडलंय,” ती म्हणाली. “बँकेत जाऊन आले. हप्ते पाडून मिळतील म्हणतात, अर्जावर तुमची सही लागती. तसबिरीमागं नुसतं पाकीट आहे.”

मावशींनी पुलावर काठी आपटली. “चल रे, उन्हं व्हायच्या आत.”