पाऊस नसताना रुंदावणारा तडा

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता आणि पाऊस नव्हता. सोलापूर जिल्ह्यात हे नेहमीचंच. आमच्याकडे खरा पाऊस येतो तो सप्टेंबरात. पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात माझ्या टेबलावर एका जिल्हा परिषद शाळेचा निर्लेखनाचा प्रस्ताव आला होता: खोली क्रमांक 3 धोकादायक, पाडायला मंजुरी मिळावी. वर्ग पहिली ते चौथी, पट 47, शिक्षक दोन, खोल्या तीन. अशा फाइलला शाखा अभियंत्याचं, म्हणजे माझं, पाहणी प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय ती पुढे सरकत नाही.

कागद चोख होते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, मुख्याध्यापिकेचा अर्ज, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, फोटो, सगळं होतं. एकच गोष्ट खटकली. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीत, हीच खोली सलग तीन वर्षं ‘किरकोळ दुरुस्ती’च्या रकान्यात होती. किरकोळवरून एकदम पाडण्यावर उडी घेतली की जिल्हा परिषदेतून फाइल हमखास परत येते, कारण तिथला माणूस आधी तोच आकडा उघडून बघतो. ही माहिती 30 सप्टेंबरच्या स्थितीवर भरतात आणि बऱ्याच शाळांत मागच्या वर्षीचीच पुढे चालवली जाते.

जागेवर मुख्याध्यापिका, सरपंच, ग्रामसेवक हजर होते. शेजारची जुनी खोली दगडी भिंतींची, तिला ओरखडासुद्धा नाही. पाडायची होती ती नवी: विटांची लोडबेअरिंग, म्हणजे भार भिंतींवरच, वर आरसीसी स्लॅब. उत्तरेच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघून जोत्यापर्यंत उतरलेला. वर केसाएवढा, खाली सहा-सात मिलिमीटर.

तड्याची लांबी बघण्याआधी तो कुठे रुंद आहे ते बघावं. वर रुंद असेल तर बहुधा कोपरा खाली बसलाय, खाली रुंद असेल तर कोपरा वर उचललाय. इथं कोपरा उचलला होता. काळ्या मातीत हे नवल नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. प्रश्न एवढाच, की भर कोरड्या ऑगस्टात ती माती ओली कशानं झाली?

“पावसानं होतंय हो साहेब,” सरपंच म्हणाले. “दरसाल भरतोय, दरसाल फुटतंय.”

याचं उत्तर फाइलमध्येच निघालं. शाळेला दरवर्षी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र देताना बाईंनी दरवर्षी फोटो जोडले होते. मार्चच्या फोटोत तडा बारीक, जुलै-ऑगस्टच्या फोटोत रुंद. म्हणजे पावसाच्या आधी तो उघडत होता आणि परतीचा पाऊस पडून चारी बाजूंची माती सारखी भिजली की मिटत होता. एकाच कोपऱ्याला कुठून तरी पाणी मिळत होतं.

कोपऱ्यापासून दीड मीटरवर हात धुण्याचं केंद्र होतं. कोरोनानंतर शाळा उघडताना ग्रामपंचायतीनं बांधलेलं: सहा नळ, सुबक टाइल्स आणि सांडपाण्याला वाट म्हणून भिंतीत एक भोक. 47 मुलांचे दोन वेळचे हात, वर पोषण आहाराची भांडी, म्हणजे दिवसाला दोनशे लिटर तरी पाणी. जोत्यालगत खड्डा घेतला. 60 सेंटिमीटरवर मातीचा गोळा वळत होता. पलीकडच्या कोपऱ्यात तेवढ्याच खोलीवर ढेकळं निघाली. पाया 90 सेंटिमीटरवर आणि खाली अजून काळीच माती. अशा मातीत ओल-सुकीचा खेळ साडेतीन मीटरपर्यंत चालतो, म्हणून तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर असलेले खोल खांब, घेतात. एका वर्गखोलीच्या एस्टिमेटमध्ये पाइल सहसा बसत नाही.

दरवर्षीच्या दुरुस्तीनं भरच घातली होती. तडा उघडा असताना त्यात कडक सिमेंट भरलं की पुढे तो मिटायला जागाच उरत नाही. भरलेलं सिमेंट पाचरीसारखं बसतं आणि भिंत शेजारी फुटते. पट 31 ते 100 मध्ये असला की संयुक्त अनुदान 25,000 रुपये. त्यातला मोठा वाटा तीन वर्षं या पाचरीत गेला.

“तरी पाडूनच टाका की,” सरपंचांचं सुरूच. “पाडली म्हणजे नवी येईल.”

हा समज गावोगाव आहे, आणि याच समजानं मुलं समाजमंदिरात बसतात. पाडण्याची मंजुरी एका टेबलावरून येते, नवी खोली दुसऱ्या. नवीसाठी पैसे समग्र शिक्षा, जिल्हा वार्षिक योजना किंवा जिल्हा परिषदेच्या सेसमधून, म्हणजे तिच्या स्वतःच्या निधीतून, येतात आणि आधी गरज मोजली जाते. पट 60 पर्यंत असेल तर शिक्षक दोन आणि शिक्षकामागे एक खोली. इथली तिसरी पाडली की उरलेल्या दोन कागदावर ‘पुरेशा’ ठरणार. मग शाळेनं नवी मागायची कशाच्या जोरावर?

बाईंनी लगेच अर्ज मागं घ्यायची तयारी दाखवली. मी स्लॅबला हातोडी मारून पाहिली. आवाज भरीव, गंजाचे डाग नाहीत, तडा स्लॅबपर्यंत गेलेला नाही. तरीही मुलं दुसऱ्या खोल्यांत हलवायला सांगितलं आणि तड्यावर आडव्या दोन काचपट्ट्या प्लास्टरनं चिकटवून तारीख टाकली. भिंत हलली तर काच तडकते. नळ त्याच दिवशी बंद. हात धुवायला पिंप, तेही लांब.

पुढचं काम ग्रामसेवकांच्या वहीत होतं. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांपुरता, निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी होता, म्हणजे सांडपाण्याची वाट त्यात बसत होती. खोलीची दुरुस्ती त्यात बसत नव्हती, ती अबंधितमधून. एकाच भिंतीची दोन कामं, दोन एस्टिमेट, दोन तांत्रिक मान्यता. शिवाय काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या हिशेबाच्या पोर्टलवर त्याचं बिलच निघत नाही. आराखड्यात ते नव्हतंच, म्हणून ग्रामसभेत पूरक आराखडा घ्यावा लागला. त्यात वेळ गेला. प्रत्यक्ष बांधायला आठ दिवसांच्या वर लागले नसतील.

ग्रामसेवकांना शोषखड्डा हवा होता. काळ्या मातीत तो चालत नाही; पाणी जिरत नाही आणि जिरलं तर परत पायाकडेच येतं. त्याऐवजी 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, 14 मीटर, साठाला एक उतार, शेवट परसबागेत. सुरुवातीला 45 सेंटिमीटरचा जाळी लावलेला चेंबर, कारण भांड्यांतलं शित पाइपात गेलं की आठवड्यात तुंबतं. ओल्या बाजूंना एक मीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर खोल काळी माती काढून मुरूम भरला, 15-15 सेंटिमीटरचे थर पाणी मारून धुमसले. वर काँक्रीटचा पट्टा, उतार बाहेरच्या बाजूला. कंत्राटदारानं पहिल्यांदा निघालेली काळी मातीच परत ढकलली होती. ती काढायला लावल्याशिवाय एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, माप चढवलं नाही.

तडा मात्र लगेच भरू दिला नाही. पुढच्या ऑगस्टपर्यंत थांबलो. काचा शाबूत होत्या. मग सांध्यात आडव्या सळ्या घालून, कमी सिमेंटच्या चुन्यामिश्रित मसाल्यानं भिंत शिवली आणि वर्ग परत बसवला.

सहापैकी दोन नळ तोवर गळायला लागले होते. संयुक्त अनुदानातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो, इथं 2,500 रुपये. बाईंना म्हटलं, त्यातून प्लास्टिकचे काढून पितळी नळ बसवा आणि चेंबरची जाळी दर शनिवारी उपसायची नोंद ठेवा.