उष्टी भांडी

पुण्याला गेलं की दर वेळी तोच प्रश्न. 'इंग्रजांची उष्टी भांडी कशाला गोळा करतोस रे?' मावशी विचारते, मेहुणे विचारतात, परवा व्हॉट्सॲपवर भाचीनंही विचारलं. आजवर हसून टाळलं. तुम्ही सगळ्यांनी इतक्यांदा विचारलंत म्हणून आता लिहूनच टाकतो.

आधी ते 'गोळा' मागे घ्या. इथे इंग्लंडात, लेस्टरच्या पगारात, बावीस वर्षांत जुन्या इंग्रजी चांदीचे सतरा नग, त्यातले अकरा चमचे. उष्ट्याचं म्हणाल, तर चांदीला विटाळ नसतो हे मावशीचंच वाक्य.

लुटीचा पैसा, हेही ऐकवता. काही नगांत असेलही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हात धुऊन घेतलेले साहेब परत जाऊन जमिनी घ्यायचे, कुळचिन्हं मिळवायचे, ताटांवर कोरून घ्यायचे. चांदीवर मारलेल्या ठशांवरून ते कळत नाही. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, एका अक्षरावरून साल, आणि घडवणाऱ्याची आद्याक्षरं. पैसा कुठून आला याचा ठसा नसतो. मीही फार खोदत नाही, हे कबूल.

पण खरं सांगायचंय ते तबकाचं. २००९ मध्ये घेतलेलं, १७५४ सालचं, तीन पायांचं, वीतभर रुंद. मधोमध पतंगासारख्या चौकटीत कुणाचं तरी कुळचिन्ह. भाचीच्या लग्नात द्यायचं ठरवलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ना, तसं तिचं नाव घालून. मग आधीचं कोरीवकाम घासून काढायला दिलं. कारागीर म्हणाला, 'पुन्हा विचार करा.' म्हटलं, केलाय.

तबक परत आलं ते आरशासारखं. अंगठ्यानं मध्ये दाबलं तर पत्रा टक्कन आत गेला आणि परत वर आला. तोंडानं वाफ सोडली, तर त्या वाफेत पतंगाच्या चार कडा क्षणभर उमटल्या आणि विरल्या. पाठीवर जुन्या सोनारानं सुईनं खरवडलेलं वजन होतं, ८ औंस १५ पेनीवेट, म्हणजे २७२ ग्रॅम. मी घेतलं तेव्हा २६८ भरलं होतं. अडीचशे वर्षांची झीज चार ग्रॅम. आता काट्यावर २६१. माझ्या एका दुपारची झीज सात.

पतंगाचा अर्थ नंतर समजला. इंग्रजांत पुरुषाचं कुळचिन्ह ढालीच्या आकारात कोरतात. अविवाहित बाईचं किंवा विधवेचं अशा तिरक्या चौकोनात. मोबाइलमधला जुना फोटो मोठा करून पाहिला. चौकोनात मधून उभी रेघ होती. एका बाजूला नवऱ्याचं घराणं, दुसऱ्या बाजूला बापाचं. म्हणजे विधवा. त्यापलीकडे फोटो इतका अस्पष्ट, की घराणं कुठलं ते कुणालाच सांगता येईना.

२००९ मधला मी अजून माझ्याशी भांडतो. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या वस्तूवर आपल्या भाचीचं नाव घालायला कुठल्या लेडीची परवानगी लागते? आणि तिचं कौतुक करताना तू तिची साखर कुठल्या गुलामांनी पिकवली ते विचारलंस का? नाही विचारलं. पण आमच्या फडताळातल्या प्रत्येक पितळी डब्यावर आजोबांचं नाव होतं. ते गेल्यावर आजी तीस वर्षं त्याच डब्यांतून डाळ काढत होती. तिचं नाव वातींच्या डबीवरही नव्हतं. मला सापडलेलं एका विधवेचं एकुलतं एक भांडं, ते मी घासून आणलं. यावर तो २००९ वाला म्हणतो, आजीला मध्ये आणू नकोस. तेही बरोबर असेल.

नाव घालायला गेलो, तर कोरणाऱ्यानं तबक उजेडात धरलं, वाकवून पाहिलं आणि परत दिलं. सुई आरपार जाईल म्हणाला. लग्नात पाकीट दिलं.

तर भाचे, तू विचारतेस त्या सतरा उष्ट्या भांड्यांतलं एक तुझं होतं. इथे कपाटात आहे, कुणाच्याच नावाचं नाही. न्यायचं असेल तर सांग, फक्त मध्यावर दाबू नकोस.